रॅम सोळा जीबीची, दाखवतो आठच: नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

सिडको, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर, देवळाली. पत्ता कुठलाही असो, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. घाई असेल तर निदान प्रश्न २ वाचा. रॅम बायोसमध्येच (विंडोजच्या आधी सुरू होणारा, मदरबोर्डातला प्रोग्राम) कमी दिसते की फक्त विंडोजमध्ये, हे कळेपर्यंत रॅमची नवी पट्टी, म्हणजे स्टिक, विकत घेऊ नका.

१. माझ्या कॉम्प्युटरची मेमरी ५१२ जीबी आहे, पण तो ८ जीबीच दाखवतो. बिघाड आहे का?

नाही. ५१२ जीबी ही एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा. ८ जीबी ही रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी. दोन्हींना बोलताना आपण "मेमरी"च म्हणतो, त्यातून हा घोळ होतो. तसंच "मेमरी सतत ८० टक्के भरलेली दिसते" ही तक्रारही या पानाची नाही. तिथे रॅम पूर्ण ओळखली गेलीय, फक्त ब्राउझरच्या तीस-चाळीस टॅबनी ती खाल्लीय.

२. रॅम पूर्ण ओळखली की नाही, हे नेमकं कुठे बघायचं?

दोन ठिकाणी, आणि दोन्हींकडचे आकडे कागदावर लिहून ठेवा.

पहिलं ठिकाण विंडोज. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडा. "इन्स्टॉल्ड रॅम" पुढे दोन आकडे असतील: बसवलेली किती आणि कंसात वापरण्याजोगी किती. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली "स्लॉट्स यूज्ड" (स्टिक बसवायच्या किती जागा भरल्यात) आणि "हार्डवेअर रिझर्व्हड" (उपकरणांसाठी राखलेली रॅम) या दोन ओळी आहेत. दोन स्टिक बसवल्या असताना "२ पैकी १" दिसलं, तर एक स्टिक मदरबोर्डापर्यंत (पुढे नुसता "बोर्ड") पोचलेलीच नाही. (काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते. तिथे "८ पैकी ८" असा विचित्र आकडा दिसतो, तो सोडून द्या.)

दुसरं ठिकाण बायोस. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये एफ१० असतं. पहिल्याच पानावर एकूण मेमरी लिहिलेली असते.

बायोसमध्ये पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी असेल, तर दोष सेटिंगचा किंवा विंडोजचा: प्रश्न ३ ते ५. बायोसमध्येच कमी असेल, तर विंडोज दहादा टाकलं तरी काही होणार नाही: प्रश्न ६ पासून पुढे.

३. ८ जीबी बसवलीय, पण "५.९ जीबी वापरण्याजोगी" असं लिहून येतं. दोन जीबी कुठे गेली?

स्क्रीनवर चित्र उमटवायला गेली. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपल्या रॅममधूनच वाटा उचलतं. एएमडी रायझनच्या "जी" अक्षराच्या प्रोसेसरमध्ये आणि रायझनच्या लॅपटॉपमध्ये हा वाटा सहज ५१२ एमबी ते २ जीबी असतो. बायोसमध्ये "यूएमए फ्रेम बफर साइज" नावाची सेटिंग शोधा आणि ऑटो किंवा ५१२ एमबी करा. नेहमीचं काम, व्हिडिओ, टॅली यांना तेवढं पुरतं, कारण लागेल तशी आणखी रॅम ग्राफिक्स तात्पुरती घेतच असतं. लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सेटिंग बऱ्याचदा नसतेच. मग ते तसंच राहणार.

इंटेलमध्ये हा वाटा लहान असतो. ८ पैकी ७.८ च्या आसपास दिसलं तर सगळं ठीक आहे, त्यामागे लागू नका. पण "हार्डवेअर रिझर्व्हड" बरोबर अर्ध्या रॅमइतकं असेल, तर ग्राफिक्स नव्हे. आधी प्रश्न ५ आणि मग प्रश्न ६ बघा.

४. बायोसमध्ये ८ जीबी आहे, विंडोज मात्र ३.२५ (कधी ३.५) वर अडकलंय.

तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. सेटिंग्जमधल्या त्याच अबाउट पानावर "सिस्टम टाइप" बघा. ३२ बिटच्या विंडोजला फक्त ४ जीबीपर्यंतचे पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) मोजता येतात, आणि त्या पत्त्यांच्या वरच्या टोकाला ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, बायोसची चिप यांची घरं असतात. त्यांची जागा वजा जाऊन रॅमला सव्वातीन-साडेतीन उरतात. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर आकडा तीनच्याही खाली जाऊ शकतो.

उपाय एकच, ६४ बिटचं विंडोज. ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही. सी ड्राइव्ह पुसून नव्याने टाकावं लागतं. म्हणून आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोज १० ची तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम, टाकली तर जुनं लायसन चालतं. मात्र विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, तेव्हा तुमचा प्रोसेसर ११ ला चालत असेल तर ११ टाकणंच बरं.

डीटीपीवाले, वकील आणि जुने हिशेबनीस यांनी इथे जरा थांबावं. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे, म्हणजे डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम चालत नाहीत, आणि ३२ बिटचे ड्रायव्हर बसत नाहीत. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायची लायसनची किल्ली) चालत असेल, तर त्या डोंगलचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा. लग्नपत्रिकांच्या सीझनमध्ये हे कळलं तर महागात पडतं.

दोन अपवाद. विंडोज ७ मध्ये आवृत्तीनुसार मर्यादा होती: ६४ बिटच्या होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६ जीबी. आणि विंडोज ६४ बिटचं असूनही ३.२५ च दिसत असेल, तर जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये "मेमरी रीमॅप" नावाची सेटिंग चालू करा. इंटेल ९४५ चिपसेटच्या बोर्डात ही सोयच नाही. तिथे ४ जीबी टाका की काही करा, सव्वातीनच मिळणार.

५. ६४ बिट आहे, बायोसमध्ये पूर्ण आहे, तरी विंडोज कमी दाखवतं.

कुणीतरी "स्पीड वाढवायची ट्रिक" करून ठेवलेली असण्याची शक्यता जास्त. शोधपट्टीत "सिस्टम कॉन्फिगरेशन" उघडा, बूट या टॅबमध्ये अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स दाबा. "मॅक्सिमम मेमरी" समोरची टिक काढा, ओके करा, रिस्टार्ट करा.

तिथे ८१९२ असा बरोबर आकडा भरलाय म्हणून टिक राहू देऊ नका. तो आकडा "इतकी रॅम वापर" असं सांगत नाही, "या पत्त्याच्या पुढचं काही वापरू नको" असं सांगतो. ४ जीबीखाली उपकरणांना जागा दिल्यामुळे रॅमचा काही भाग बोर्डाने उचलून ८ जीबीच्या पलीकडच्या पत्त्यांवर ठेवलेला असतो. टिक राहिली की तेवढा भाग गेला. चौकट रिकामीच असायला हवी.

६. बायोसमध्येच एक स्टिक दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

साफसफाई आणि नीट बसवणं, इथून. यातच बहुतेकांचं काम होतं, म्हणून पायऱ्या न गाळता करा.

कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी असते आणि अंगात स्वेटर असतो. दाराच्या कडीला चटका बसतो तोच चटका चिपला बसला तर ती जाते.

स्लॉटच्या टोकाचे खटके बाहेर दाबा, स्टिक कडेला धरून सरळ वर ओढा. तळाची सोनेरी पट्टी उजेडात धरा. पावसाळ्यातली दमट हवा आणि रस्त्याच्या खोदकामाची धूळ (सिंहस्थाच्या कामांमुळे ती सध्या घरोघरी आहे) यांचा मिळून तिच्यावर करडा, मळकट थर चढतो. पेन्सिलचा पांढरा मऊ खोडरबर घ्या आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने, दोन-तीनदा फिरवा. शाईचा खरखरीत रबर नको, सोन्याचा मुलामा निघतो. रबराचा चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळलेल्या सुती कापडाने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. थिनर, पेट्रोल, सेंट यातलं काही वापरायचं नाही.

स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण आत जातात. बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या खाचेत झुरळाची अंडी किंवा मुंगीसुद्धा निघते; ती टाचणीने नव्हे, ब्रशनेच काढा.

बसवताना स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आणा आणि दोन्ही टोकांना अंगठे ठेवून सारखं दाबा. दोन्हीकडून "टक्" ऐकू यायला हवं. नव्या बोर्डांत खटका एकाच बाजूला असतो. तो लागला की काम झालं असं वाटतं आणि दुसरं टोक मिलिमीटरभर वर राहतं. डोळा स्लॉटच्या पातळीला आणून बघा, सोनेरी रेघ कुठेही दिसता कामा नये.

७. साफ करूनही फरक नाही. स्टिक खराब आहे की स्लॉट?

एकच स्टिक, एकच स्लॉट, एका वेळी. दोन स्टिक आणि दोन स्लॉट असतील तर चार वेळा सुरू करावं लागेल, जेमतेम वीस मिनिटांचं काम. स्टिकवर खडूने "क" आणि "ख" लिहा. दर वेळी बायोसमध्ये किती दिसतं ते नोंदवा.

"ख" कुठल्याही स्लॉटमध्ये चालत नसेल आणि "क" सगळीकडे चालत असेल, तर "ख" गेली. "क" आणि "ख" दोन्ही पहिल्या स्लॉटमध्ये चालतात पण दुसऱ्यात एकही चालत नसेल, तर प्रश्न ८. दोन्ही स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये एकेकट्या चालतात पण जोडीने नाही, तर प्रश्न १० आणि ११. ही चाचणी न करता दुकानात गेलात तर दुकानदार पहिली नवी स्टिकच विकेल, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही.

८. स्टिक चांगल्या आहेत, पण एका बाजूचा स्लॉटच मेलाय. बोर्ड बदलायचा?

थांबा. आजच्या प्रोसेसरमध्ये रॅमचं नियंत्रण प्रोसेसरच्या आतच असतं आणि प्रत्येक बाजूच्या स्लॉटच्या तारा थेट प्रोसेसरच्या सॉकेटपर्यंत, म्हणजे तो बसतो त्या जागेपर्यंत, जातात. त्यामुळे सॉकेटमधली एक पिन वाकली, किंवा कूलरचे (प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा पंखा) चार खटके कमीजास्त दाबले जाऊन प्रोसेसर एका बाजूला कलला, की रॅमची एक अख्खी बाजू गायब होते. कूलरची पेस्ट बदलल्यानंतर, फॅन साफ केल्यावर किंवा प्रोसेसर काढून घातल्यावर हे सुरू झालं असेल, तर संशय इथेच घ्या.

कूलर काढून पुन्हा सारख्या दाबाने बसवा: आधी समोरासमोरचे दोन कोपरे अर्धे, मग उरलेले दोन अर्धे, मग सगळे पूर्ण. पेस्ट नवी लावावी लागेल. तरी जमलं नाही तर सॉकेटमधल्या पिना मोबाइलच्या टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघा. रांगेतली एक वाकडी असेल तर चमक तिथे तुटते. ती सरळ करणं सुईच्या टोकाचं आणि भिंगाखालचं काम आहे. हात थरथरत असेल तर करू नका.

९. स्लॉट चार, स्टिक दोन. कुठे घालू?

साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बोर्डावर तिथे बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ छापलेलं असतं. काही बोर्ड चुकीच्या जागेची स्टिक ओळखतच नाहीत.

१०. जुन्या डीडीआर३ (रॅमची एक जुनी पिढी) बोर्डात नवी ८ जीबी स्टिक घातली. ४ जीबी दाखवतो, किंवा चालूच होत नाही.

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात, कारण स्टिकही चांगली असते आणि बोर्डही.

प्रश्न स्टिकवरच्या काळ्या चिप्सचा आहे. ८ जीबीची स्टिक दोन प्रकारांनी बनते (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी): ४ गिगाबिटच्या १६ चिप्स, किंवा ८ गिगाबिटच्या ८ चिप्स. इंटेलचे चौथ्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर, म्हणजे एच६१ आणि एच८१ बोर्डांवर बसणारे, ४ गिगाबिटपेक्षा मोठी चिप जाणत नाहीत. त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप्स असलेली स्टिकच लागते. एकाच बाजूला आठ चिप्सची ८ जीबी स्टिक घेऊ नका, आणि १६ जीबीची डीडीआर३ स्टिक तर नकोच. या दोन्ही बोर्डांत दोन स्लॉट आणि एकूण १६ जीबी, एवढीच मर्यादा.

जी४१ बोर्ड आणखी जुना: त्याची मजल २ गिगाबिटच्या चिपपर्यंत. म्हणजे ४ जीबीची स्टिकसुद्धा १६ चिप्सचीच हवी. एकूण ८ जीबीच्या पुढे तो जात नाही.

आणि एक खास फसवणूक: ऑनलाइन फारच स्वस्त मिळणारी "फक्त एएमडीसाठी" असं बारीक अक्षरांत लिहिलेली डीडीआर३ स्टिक. तिच्यावर चिप्स १६ च असतात, मोजून काही कळत नाही, पण त्यांची आतली रचना इंटेलला वाचता येत नाही. एएमडीच्या जुन्या बोर्डांवर ती चालते. घेताना वर्णन शेवटपर्यंत वाचा.

११. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा मापांच्या स्टिक एकत्र चालतात का?

बहुतेक वेळा चालतात. ८ आणि ४ मिळून १२ पूर्ण दिसायला हव्यात. वेग मात्र हळू स्टिकचा मिळेल. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून बघा. जोडी जमत नसेल तर बायोस अपडेट करून बघा आणि सीएमओएस रिसेट करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा: वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवायचा. सेल चार-पाच वर्षं जुना असेल तर नवाच घाला. डीडीआर३ आणि डीडीआर४ मात्र एकत्र नाहीच. खाच वेगळ्या जागी असते, जोर लावाल तर स्लॉट फुटेल.

१२. अंबड-सातपूरच्या कंपनीतून निघालेलं जुनं वर्कस्टेशन घेतलं. ३२ जीबी भरलीय, दिसते १६.

हे घरच्या कॉम्प्युटरपेक्षा वेगळं जनावर आहे. तीन गोष्टी बघा. बोर्डावर प्रोसेसरच्या दोन जागा असून एकच भरलेली असेल, तर रिकाम्या जागेच्या बाजूचे स्लॉट चालतच नाहीत. सगळ्या स्टिक प्रोसेसर बसलेल्या बाजूच्या स्लॉटमध्ये हलवा. दुसरं, बायोसमध्ये "मेमरी मिररिंग" चालू असेल तर अर्धी रॅम उरलेल्या अर्ध्याची प्रत म्हणून राखली जाते. ते बंद करा.

तिसरं उलट्या दिशेचं: सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड स्टिक साध्या डेस्कटॉपमध्ये घालू नका. त्या स्लॉटमध्ये बसतात, पण चालत नाहीत. लेबलवर "पीसी४-२४००" अशा आकड्याच्या पुढे "आर" असेल तर ती रजिस्टर्ड. साध्या स्टिकवर तिथे "यू" असतं.

१३. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवली, दिसत नाही.

साफसफाई प्रश्न ६ प्रमाणेच, पण आधी चार्जर आणि बॅटरीचा जोड दोन्ही काढायचे. लॅपटॉपची स्टिक तिरकी आत सरकवून मग खाली दाबायची असते. पूर्ण आत न सरकवता दाबली तरी खटके लागतात, म्हणून फसगत होते. काही जुन्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल स्टिकच लागते, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ चालत नाही. जुन्या स्टिकचं लेबल बघून तशीच घ्या.

१४. नवीन डीडीआर५ बसवल्यापासून स्क्रीन काळीच. गेला का कॉम्प्युटर?

बहुधा नाही. नवी रॅम बघून बोर्ड तिच्याशी जुळवून घेत असतो आणि पहिल्यांदा त्याला काही मिनिटं लागू शकतात. दहा-पंधरा मिनिटं हात न लावता थांबा. दर मिनिटाला बटण दाबून बंद केलंत तर तो दर वेळी पहिल्यापासून सुरू करेल.

२४ आणि ४८ जीबीच्या स्टिक जुन्या बायोसला कळत नाहीत, अपडेट लागतो. अपडेट यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर करा. मधेच वीज गेली तर बोर्ड जाऊ शकतो. पावसाळ्यात, ढग गडगडत असताना तर मुळीच नको.

१५. सकाळी ८ जीबी दिसते, रिस्टार्ट केल्यावर १६. हे काय?

जोड अर्धवट आहे किंवा स्टिक मरणपंथाला आहे. प्रश्न ६ ची सफाई करा, एक्सएमपी बंद करून दोन दिवस बघा. मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. एकही लाल चूक आली तर प्रश्न ७ च्या रीतीने स्टिक शोधून बाजूला काढा. "चालतंय तर चालू दे" म्हणू नका: अशी रॅम फाइली गुपचूप बिघडवते आणि ते महिन्यांनी कळतं.

१६. एमजी रोडला दुकानात न्यायचंय. सोबत काय नेऊ, काय विचारू?

प्रश्न ७ च्या नोंदी, बोर्डाचं मॉडेल (स्लॉटच्या आसपास मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं), दोन्ही स्टिकच्या लेबलचा फोटो आणि बिल. लेबल फाडू नका, ते गेलं की वॉरंटी गेली. नवी स्टिक घेतलीच तर पैसे देण्याआधी तुमच्याच मशीनमध्ये बसवून बायोसचं पहिलं पान दाखवायला सांगा. दुकानातल्या टेबलावरच्या बोर्डात चालली, हे पुरेसं नाही. वापरलेली स्टिक असेल तर सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून एसपीडी टॅबमध्ये क्षमता आणि कंपनी बघा. स्टिकर ८ चा आणि आत ४ असा माल बाजारात फिरतो. आणि "खराब" ठरलेली जुनी स्टिक परत मागून घ्या. घरी आल्यावर तिला एकदा खोडरबर लावून बघा.